दुसरी झेप

दिनांक ३ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, तुम्ही दोघंही तसेच असाल असं धरून चालतो. बाबांना एवढंच वाचून दाखव: बाबा, मी वेळेवर जेवतो, खोकला गेला, बूट नवीन घेतले. झालं. आता पुढचं मनात वाच.

तू म्हणशील, फोन असताना ह्याला कागद कुठून सुचला. अरे, कामावर शिरताना फोन कपाटात बंद करून किल्ली मुकादमाच्या हातात द्यावी लागते. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची आणि जेवण सात मिनिटांचं. उरलेल्या वेळात बाकीचे टेबलावर डोकं टेकून घोरतात. मला एका जागी बसवत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून धुलाईच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. शिवाय फोनवर तू स्पीकर लावतोस. बाबा मध्येच "कधी येतोय, विचार" म्हणतात आणि आपलं बोलणं तिथंच मरतं.

काम तेच. हॉस्पिटलांच्या चादरी. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरायची आणि इस्त्रीच्या तापलेल्या रुळाच्या तोंडात द्यायची. सैल धरली तर सुरकुती, ओढली तर फाटते, बोट पुढे गेलं तर बोट जातं. माझा जोडीदार डावखुरा आहे, खोलीतही माझ्या खालच्या खाटेवर झोपतो. परवा एका चादरीतून दातांची कवळी निघाली. डावखुरा म्हणाला, "मालक बरा होऊन हसत हसत घरी गेला वाटतं." मुकादम म्हणाला, "कवळी इथं आहे ना? मग हसत नाही गेला." आम्ही एवढे हसलो की तीन चादरी वाकड्या गेल्या.

तुझी बातमी मात्र फर्मास. खरंच ते संघवाले राहायला घर देणार, पगार देणार आणि वर्षभर नुसतं फोनवरचा गेम खेळायला लावणार? मास्तर तुझे कान पिळायचे ते ह्याच गोष्टीसाठी! मी सातवीत शाळा सोडली तेव्हा असलं काही निघालं असतं तर आज मी चादरी नसत्या धरल्या. असो. ज्याचं त्याचं नशीब.

बाबांचं मी बोललो ते बोललो. तू निवडला गेलास की मी येतो. एक वर्ष त्यांचं सगळं मी बघेन. त्यात काय एवढं? पुन्हा पुन्हा विचारू नकोस, शंका घेतल्यासारखं वाटतं.

खेळातलं मला आता फारसं कळत नाही. एका फुटक्या फोनवर आपण दोघं खेळायचो, ते दिवस गेले. पण तू धनुष्यवाला आहेस, आणि धनुष्यवाल्याचं दुखणं तेव्हाही तेच होतं: लांबून राजा, जवळून भिकारी. कुणीतरी झुडपातून खंजीर घेऊन अंगावर आला की तुझे हातपाय गळतात. निवडीच्या चाचणीत नेमकं तेच तपासणार, म्हणजे बरोबर दुखऱ्या दाताला हात घालणार.

तो मुका तुला शिकवतोय म्हणालास, ते चांगलं झालं. माइक कधी लावत नाही म्हणून तू त्याला मुका म्हणतोस ना? असेल कुणी लाजाळू. ज्यानं तुला एका दिवसात आठ वेळा लोळवलं त्याला तुझी खोड कळली असणारच. त्याचं ऐक. खंजीरवाला दिसला की डोकं चालवायचं नाही, पहिल्या क्षणी मागे उडी आणि मग बाण, असं तो म्हणतो, ते मलाही पटतं. बोटाला सवय लाव. सवय लागली की घाबरायला वेळच उरत नाही.

चाचणीचा सामना फोनवर बघायचे दोनच परवाने तुला मिळणार, एक मुक्याला आणि एक मला, असं म्हणालास. माझी त्या दिवशी कामाची पाळी आहे. मला नको. तो परवाना तसाच राहू दे, उगाच गल्लीभर वाटू नकोस, हरलास तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

बाबांना उचलताना कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव.

तुझा,
दादा

*

दिनांक २२ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांसाठी: मी बरा आहे, इकडे थंडी कमी झाली.

फोनवर "हरलो" एवढंच म्हणालास आणि ठेवलास. मी परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून लिहितोय.

हे बघ, जगबुडी झालेली नाही. अकरा सेकंदांत संपलं तर संपलं. काही जण पाच सेकंदांत जातात. तू मोडक्या पुलाच्या त्या खांबाजवळ उभा राहिलास तिथंच अर्धं झालं होतं. खांबाच्या पलीकडचं तुला काही दिसत नव्हतं. तो खंजीरवाला आला, तू शिकल्याप्रमाणे मागे उडी मारलीस, चांगली मारलीस, आणि पाय टेकतात तोवर त्यानं राखून ठेवलेली दुसरी झेप घेतली. त्यापुढे तुझ्या हातात काय होतं? धनुष्य. कुणाच्याही हातात धनुष्य असतं तर तेच झालं असतं. मुक्याला दोष देऊ नकोस. शिकवणारा शिकवतो, खेळायचं ज्याचं त्यानं असतं.

दीड महिन्यानं, मेच्या चार तारखेला, हरलेल्यांना पुन्हा एकदा बोलावतात असं तू मागे म्हणाला होतास. माझं विचारशील तर एवढी घाई करू नकोस. एकदा नाक कापलं गेलं, ते भरून येऊ दे. पुढच्या वर्षी बघ. तुझं वय काय पळून जातंय का?

आणि जे होतं ते बऱ्यासाठी. बाबांना तुझ्या हाताची सवय आहे. त्यांना कुठल्या कुशीवर वळवलं की ठसका लागतो, पेज किती पातळ लागते, कुठला शब्द ते कसा बोलतात, हे सगळं तुला कळतं. मला कुठे कळतं? मी आलो असतो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना पाडलं असतं. माझ्या हाताला चादरींची सवय. चादर कण्हत नाही.

इकडे धुलाईची नवीन शेड सुरू होतेय. मुकादम म्हणतो, तिथं मला बारा जणांवर नेमतील. डावखुरा मला आत्तापासूनच "साहेब" म्हणतो आणि माझ्या बुटात ओले मोजे कोंबून ठेवतो. बघू काय होतं. अजून नक्की काही नाही.

मन खाऊ नकोस. नीट जेव. बाबांसमोर तोंड पाडून बसू नकोस, त्यांना वाटेल त्यांच्यामुळेच झालं.

तुझा,
दादा

*

दिनांक १२ एप्रिल

बारक्या,

तुझा लिफाफा आला. एवढा मोठा लिफाफा आणि आत एकच ओळ. "खांब तुला कुणी सांगितला?"

फोन करून विचारलं असतंस तर मी काहीतरी थाप मारली असती आणि तू ती गिळली असतीस. तू लिहून विचारलंस. शहाणा झालास.

खांब मला कुणी सांगितला नाही. मी बघितला. दोन परवाने होते, एक तू मुक्याला दिलास आणि दुसरा मी तुला कुणाला देऊ दिला नाही. बघणारा एकच होता. त्या दिवशी माझी पाळी दुपारी दोनची होती, सामना त्याच्या आधीच संपला. मी खाटेवर पालथा पडून बघत होतो. मुका मीच.

आता हे दोनदा वाच आणि मग पुढे वाच.

पहिल्या दिवसापासून सांगतो. सकाळी अकरा ते एक मी खोलीत मोकळा असतो, तेव्हा तिकडे बाबांची दुपारची झोप असते आणि तू खेळतोस. एकदा खेळातल्या जंगलात एक धनुष्यवाला दिसला, बाण सोडायच्या आधी जागच्या जागी दोन उड्या मारणारा. लहानपणी माझ्या हातातून फोन हिसकलास की तू आधी त्या दोन उड्या मारायचास. नाव वाचायची गरज नव्हती. मी झुडपातून मागून गेलो आणि तुला कापला. तू परत आलास, परत कापला. आठ वेळा. मला फार बरं वाटलं, बारक्या. खोटं कशाला बोलू? तू दहावीपर्यंत शिकलास, आईनं तुला नवीन दप्तर घेतलं आणि मला हातात थैली देऊन कामाला पाठवलं, हे सगळं त्या आठ वेळांत मला आठवलंही नाही. नुसतंच बरं वाटलं.

आठव्यांदा मेल्यावर तू शिवी द्यायची सोडून लिहिलंस, "भाऊ, तू जबरी आहेस. शिकवशील का?" मी लिहिलं, "बघू."

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. चाचणीचं बोलावणं आलं, निवडला गेलो तर तू एक वर्ष येशील ना दादा? तुझ्या मागून बाबांचा आवाज येत होता. मी म्हटलं, हो रे, येतो. फोन ठेवायला गेलो तर तो निसटून डावखुऱ्याच्या थाळीत पडला. तो म्हणाला, "कोण मेलं?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्यानं तुला लिहिलं, "शिकवतो."

सहा आठवडे, रोज चाळीस वेळा, मी तुझ्या अंगावर आलो आणि रोज चाळीस वेळा तू पहिल्या क्षणी मागे उडी मारलीस. आणि रोज चाळीस वेळा मी तिथंच थांबलो, बाण खाल्ला आणि मेलो. दुसरी झेप माझ्याकडे होती. एकदाही वापरली नाही. तू कच्चा नव्हतास, तू विचारलंस, "समोरच्यानं दुसरी झेप घेतली तर?" मी लिहिलं, "चाचणीत कुणी घेत नाही. दम जातो." तू लिहिलंस, "बरं गुरू." लहानपणी तुला बेचा पाढा असाच शिकवला होता, चुकलास की टपली आणि बरोबर आलं की शेंगदाणा. ह्या वेळी चुकीच्या उत्तराला शेंगदाणा दिला, एवढाच फरक. सामन्यात तो आला तेव्हा तुझं बोट तुझं राहिलंच नव्हतं. मी बघत होतो. उडी मारलीस तेव्हा, देवाशपथ, क्षणभर वाटलं की समोरचा पोरगा दुसरी झेप विसरावा. तो विसरला नाही. मग मी अंघोळ करून कामावर गेलो.

तुला वाटेल, एवढा खुनशीपणा कशासाठी? मी स्वतःला एक कारण दिलं होतं. तेही सांगतो, कारण ते तुझ्याकडूनच मिळालं.

तिसऱ्या आठवड्यात तू मुक्याला लिहिलंस, "आज एक घाण काम केलं."

मी विचारलं, "काय?"

"बाबा खाटेवरून घसरले. सामना चालू होता. म्हटलं, दोन मिनिटं थांबा. वीस मिनिटं गेली."

"मग?"

"तसेच जमिनीवर पडून होते. ओरडले पण नाहीत. छताकडे बघत होते."

"मग?"

"मग काय. जिंकलो."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला फोनवर म्हणायचास, बाबा मजेत आहेत. परक्याला सांगितलंस. ते वाचून मला तुझा राग यायला हवा होता. मला हलकं वाटलं. म्हटलं, हा तसला आहे तर आता ह्याचं काहीही केलं तरी चालतं. ती गोष्ट मी तेव्हापासून खिशात घालून फिरलो. कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही.

पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण एवढंसं आहे आणि ते लिहायला मला तीन सुट्ट्या लागल्या, दोन पावत्या फाडल्या.

तुला येतो म्हटलं, त्यानंतर चौथ्या दिवशी मी नव्या शेडच्या कागदावर सही केली. तीन वर्षं. मागच्या पत्रात "नक्की काही नाही" लिहिलं ते खोटं. मुकादमानं विचारलं होतं, "घरी कुणी वाट बघणारं?" मी म्हटलं, "भाऊ आहे तिकडे." त्यानं शिक्का मारला.

म्हणजे तू जिंकला असतास तरी मी आलो नसतो. मग तुला हरवायची काय गरज होती, असं तू विचारशील. गरज एवढीच की तू जिंकला असतास तर मला तोंडानं "नाही" म्हणावं लागलं असतं. स्पीकरवर. बाबांच्या देखत. ते माझ्याच्यानं झालं नसतं. त्यापेक्षा तुला सहा आठवडे मोडणं सोपं गेलं.

अर्धांगाचा झटका येऊन बाबा अंथरुणाला खिळले त्यानंतर मी दोन महिने घरी होतो, तुला आठवत असेल. तुझी परीक्षा होती म्हणून त्यांचं मीच करायचो. निघायच्या दिवशी त्यांना उशीला टेकवून बसवलं तेव्हा त्यांनी चांगल्या हातानं माझा शर्ट धरला. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. अंगठा शेवटी सुटला, आणि त्यांच्या नखात माझ्या शर्टाचा दोरा राहिला. तू दारात होतास, तुला वाटलं आम्ही निरोप घेतोय. तो हात मला पुन्हा धरेल, म्हणून मी येत नाही. एवढंच कारण. माझ्या अंगात दुसरं काही मोठं पाप नाही.

आता चार तारखेबद्दल. मुक्याला तू कालच लिहिलंयस, "उद्यापासून परत सुरू करू का?" म्हणजे ते लिहिताना तुला शंका होती आणि तरी लिहिलंस. मुका आता उत्तर देणार नाही. इथं लिहितो ते नीट वाच.

तो अंगावर आला की मागे उडी मारायची नाही. ती राखायची. तो पहिली झेप घेतो, दोन घाव घालतो, ते खायचे. दोन घावांनी तू मरत नाहीस, मी मोजलेलं आहे. दुखतं म्हणून पळायचं नाही. घाव बसत असताना पायाखाली सापळा टाकायचा, त्याच्या पायाखाली नाही, स्वतःच्या. मग मागे नाही, पुढे घुसायचं, त्याच्या बगलेतून त्याच्या पाठीमागे. तो वळतो, सापळ्यात पाय अडकतो, चिडतो, आणि सुटल्या सुटल्या दुसरी झेप घेतो. ती गेली की त्याच्याकडे काही उरत नाही. तेव्हा मागे उडी. मग तो लांब, तू लांब, आणि लांबून तू राजा आहेसच. खांबाजवळ, भिंतीजवळ, झाडाजवळ उभं राहायचं नाही. त्या दोन उड्या सोड, त्यानं तू कोण हे कळतं. आणि रोज कुणाशी तरी खेळ जो तुला जिंकू देत नाही.

हे खरं की तेही मुक्यासारखंच, हे तुला कसं कळणार? खेळून बघ. परक्यावर सहा आठवडे विश्वास ठेवलास, मी तर सख्खा आहे.

खरंच शिकलास तर चार तारखेला तू जिंकशील. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग ते तुला विचारतील, कधी येतोस? तेव्हा तिथं उभा राहून तुला ठरवावं लागेल. बाबांना घरात ठेवून जायचं, की त्यांना कुठे भरती करायचं, की जायचंच नाही. वीस मिनिटं जमिनीवर ठेवणं तुला जमलं होतं. वर्षभराचं तू बघ. मला विचारू नकोस. ठरवल्यावर कळवूही नकोस.

तुला वाटत होतं आपण दोघं आहोत. नाही. त्या घरात तू एकटाच आहेस, माझी सही झाली त्या दिवसापासून. तुला आज कळतंय.

बाबा विचारतील काय लिहिलंय. ते दर वेळी विचारतात तेच विचारतील, आणि दर वेळी मी "बघतो" म्हणत आलोय. ह्या वेळी त्यांना उत्तर आहे. मला जमलं नाही, तू सांग. हळू सांग, त्यांच्या चांगल्या कानाकडे बसून.

मी येणार नाही.

दादा